खिशातला भंडारा

तळी उचलल्याशिवाय चंपाषष्ठीला कुणी अन्नाला शिवायचं नाही, हा मल्हारीच्या घरचा नेम. मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडत होते तेव्हा होता, आणि दौंडकडच्या राहू गावाच्या शिवारात ऊस लावून, विटांचं घर बांधून एका जागी बसले तेव्हाही राहिला. ताम्हनात खोबरं, पान-सुपारी, बेलाची पानं आणि भंडारा, म्हणजे खंडोबाची हळद. पाच पुरुषांनी ताम्हन धरून तीनदा उचलायचं, येळकोट म्हणायचं, मग भरीत आणि बाजरीचा रोडगा. यंदा मात्र ऊन भिंतीवरून उतरायला लागलं तरी ताम्हन पाटावरच होतं आणि शिरूरहून आलेला इंद्रजीत ओसरीवर पाय हलवत बसला होता.

सुषमा चुलीवर वांगी भाजत होती, पण तिचे कान ओसरीवर होते. पाहुणा देवासाठी आलेला नाही हे तिला ठाऊक होतं. पहाटे शिरूरच्या युनिटमधून कंटेनर बंदराकडे निघाला तेव्हा शटर तिनंच ओढून घेतलं होतं.

आठ वर्षं ते शिलाईचं युनिट तिनं आणि नवऱ्यानं, बिरदेवनं, मिळून उभं केलं होतं. बायकांच्या पँटी शिवायच्या, त्या एका अमेरिकन कंपनीच्या दुकानांत जायच्या. मग अमेरिकेनं इथल्या कपड्यांवर जकात वाढवली आणि कंपनीनं तोंड फिरवलं. त्यांना आता माल अमेरिकेच्या जवळच्या देशातून हवा होता. ज्या देशांशी करार झालेला आहे, जिथून कपडा जकातीशिवाय येतो, आणि जिथले कारखाने आज थोडं, परवा भरपूर, मागाल तसं चटकन शिवून देतात, अशा ठिकाणचा. शिरूरची मशिनं झाकून ठेवायची वेळ आली. युनिटमधल्या बायका सकाळी यायच्या, गप्पा मारायच्या, दुपारी डबा खाऊन घरी जायच्या. त्यांच्या त्या गप्पांचीच सुषमाला भीती वाटायला लागली होती, कारण त्या दिवसेंदिवस हळू आवाजात व्हायला लागल्या होत्या.

तेव्हा इंद्रजीत धावून आला. शिरूरमधल्या जमीनदार आनंदरावांचा मुलगा, परदेशी ऑर्डरी आणून देणारा एजंट. ग्वाटेमाला नावाच्या देशातल्या एका कारखान्यानं झेपत नसताना त्याच अमेरिकन कंपनीची मोठी ऑर्डर घेतली होती. माल शिरूरला शिवायचा, आत तिकडचं लेबल लावायचं, गुपचूप तिकडे पोचवायचा, आणि मग तो तिथलाच म्हणून अमेरिकेत जाणार. लेबलांचा खोका कुरिअरनं आला त्या दिवशी पॅकिंगमधल्या एका पोरीनं वाचून विचारलं, "वैनी, ह्ये गाव कुठलं म्हनायचं?" सुषमानं सांगितलं, "गाव न्हाई गं, कंपनीचं नाव हाय." इतकं सहज खोटं आपल्या तोंडून निघालं याचंच तिला नवल वाटलं होतं.

बिरदेव स्वयंपाकघरात आला. सहा दिवसांच्या उपासानं त्याचा चेहरा निम्मा उतरला होता, आणि बाकीचा भीतीनं.

"आये परवा युनिटला आल्ती म्हनं?" त्यानं हलक्या आवाजात विचारलं.

"आल्त्या."

"पेट्यांपाशी जाऊ दिलं न्हाईस ना? मी तुला सांगितलं होतं."

सुषमानं वांगं उलटलं. "आवं, बाजूला व्हा. जळतंय."

मग ओसरीवरून इंद्रजीतनं हाक मारली आणि त्याला जावं लागलं. बरं झालं गेले, असं सुषमाला वाटलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

ओसरीवर मल्हारी भिंतीला टेकून बसला होता. शेजारी त्याचा धाकटा भाऊ ज्योतिबा. मल्हारीनं डोक्याचा फेटा सारखा करत विचारलं, "बिरू, पाच मानसं जमली न्हवं? हे इंद्रजीतराव हायत, तू हायस, म्या आन् ज्योतिबा. भावकीतल्या हौसरावाला हाक मारली की झाले पाच. मग खोळंबा कशाचा?"

"आबा, तळीच्या आदी एक काम हाय." बिरदेव पाटासमोर बसला. हे वाक्य त्यानं शिरूरपासून इथपर्यंत गाडीत दहा वेळा घोकलं होतं. "समद्यांनी बेलभंडारा उचलायचा. युनिटमधनं आज जो माल गेला, त्याचं कुठं बोलायचं न्हाई. भाईर न्हाई, भावकीत न्हाई. शपत घ्यायची."

बेलभंडारा हातात घेऊन शपथ म्हणजे चेष्टा नव्हे. या घरात ती जमिनीच्या वाटणीला घेतली होती, आणि त्याच्या आधी कुणाच्या तरी खुनाच्या आळातून सुटताना. शपथ मोडली तर घर बसतं, असं लहानपणापासून ऐकत आलेला बिरदेव आज स्वतः ती मागत होता.

"आसं काय गेलं त्या गाडीत?" मल्हारीनं विचारलं. "दारू हाय? गांजा हाय?"

"आबा, कपडेच आहेत," इंद्रजीत हसून म्हणाला. "फक्त लेबल दुसऱ्या देशाचं आहे. माल तोच, शिवणाऱ्या बायका त्याच. कुणाचं नुकसान नाही."

मल्हारीनं त्याच्याकडं बघितलंच नाही. तो मुलाकडं बघत होता. "बिरू, मेंढराच्या कानाला पर्त्येक घराची येगळी खून कापल्याली आसती, ठावं हाय न्हवं तुला? दुसऱ्याच्या खुनंचं मेंढरू आपल्या कळपात सापडलं तर दिवसभर चालत जाऊन परत करायचो. आन् आपल्या मेंढराला दुसऱ्याची खून कापनारा म्या जन्मात बघितला न्हाई. आपलंच मेंढरू, आन् म्हनायचं आमचं न्हाई? का रं बाबा?"

"का म्हंजी?" बिरदेवचा आवाज चढला. "मशिनी बंद पडल्या हुत्या, आबा! शंभरावर बाया बसून हुत्या. आप्पांच्या दोन सुना हायत त्यात. इचारा आप्पांना."

ज्योतिबा इतका वेळ विड्याच्या पानाचे देठ खुडत होता. तो म्हणाला, "दादा, पोराचं चुकत न्हाई. माझ्या घरी दोघीजनी कमावत्यात म्हनून चूल पेटती. लेबल ह्याचं काय न् त्याचं काय, आपल्याला कुठं वाचता येतंय? म्या उचलतो बेलभंडारा." आणि तो सरसावून पुढे बसला.

मल्हारी एकटा पडला. त्याला ते कळलं आणि त्यानं मान खाली घातली. बिरदेवला वाटायला हवं होतं की जिंकलो. वाटलं मात्र असं की, बापानं अजून थोडं भांडायला हवं होतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ज्ञानू, कंटेनरचा ड्रायव्हर, राहूचाच पोरगा.

"मालक, तळी झाली का?"

"तू कुठं हायस? बंदरात पोचला न्हाईस?"

"खोपोलीला थांबलोय की धाब्यावर. आज षष्ठी न्हवं का. तळी उचलल्याचा निरोप आल्याबिगर कसा जेवू? उपाशीपोटी म्होरलं चालवनं व्हत न्हाई बगा, डोळ्यापुढं अंधारी येतीय. तुमी उचला, फोन करा, म्या दोन घास खातो न् निघतो."

इंद्रजीतनं ते ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे, अमेरिकेचा माल आणि ड्रायव्हर तळीसाठी थांबलाय? उचला पटकन. शपथ घ्या, तळी घ्या, त्याला जेवू दे. संध्याकाळच्या आत गाडी गेटच्या आत पाहिजे."

बिरदेवची आई गिताबाई आतून भंडाऱ्याची पिशवी घेऊन आली. पुरुषांचं बोलणं तिनं उंबऱ्याआड उभं राहून ऐकलं होतं. त्या देशांचं आणि करारांचं तिला काही कळलं नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं की, बिरू घाबरलाय. लहानपणी कळपात लांडगा शिरला तेव्हा तो असाच ओठ चावत बसला होता, आणि तेव्हा तिनं त्याला पदराखाली घेतलं होतं. आता बाप्या माणसाला पदराखाली कसं घ्यायचं? ती त्याच्याजवळ बसली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"इतकं कशाला भ्यायचं, बिरू? पेट्या सुखरूप जात्याल. म्या समद्यांत भंडारा घातलाय."

बिरदेवनं मान वळवली. "काय घातलंय?"

"भंडारा. दरवक्ताला घालती तसा. पर्त्येक पेटीतल्या पैल्या पँटीच्या उजव्या खिशात चिमूटभर. एक पेटी सोडली न्हाई बग. देव हाय संगं."

तिला वाटलं होतं, पोराचा जीव खाली बसेल. पण बिरदेवचं तोंड पांढरं पडलं. इतकं की, तिनं घाबरून ताम्हनाशेजारचा पाण्याचा तांब्या उचलला.

"चिमूटभर हळद," ज्योतिबा म्हणाला. "त्यात एवढं काय?"

"आप्पा, ती पिवळी हळद त्यांना ठावं हाय!" बिरदेव ओरडला. मग आवाज फुटल्यासारखा हळू बोलायला लागला. दोन वर्षांमागं त्या अमेरिकन कंपनीची बाई युनिट बघायला आली होती. गिताबाईनं तिच्याही कपाळाला भंडारा लावला, तेव्हा ती टाळ्या वाजवून हसली होती. आमच्या गोदामात तुमची पेटी उघडली की पोरी आधी पहिल्या पँटीचा खिसा चाचपतात, म्हणाली होती. ते पिवळं बोटाला लावून घेतात, दिवस चांगला जातो म्हणतात. ते पिवळं म्हणजे काय ते मला आज कळलं, असंही म्हणाली होती.

"आता पेटीवर ग्वाटेमाला लिहिलंय," बिरदेव म्हणाला, "आन् पैलाच खिसा उघडला की त्यांना कळनार हाय, ह्ये शिरूरचं हाय. इथल्या आईनं घातलेलं हाय."

सुषमा दारात आली होती. नवऱ्यानं तिच्याकडं बघितलं. त्या नजरेनं तिला रडू आलं नाही, राग आला.

"तुमी म्हनलासा, आत्यांना थांबव. कसं थांबवू? काय सांगून?" ती म्हणाली. "आत्या, ह्या पेट्या खोट्या हायत, हितं देवाला आनू नका, आसं सांगू? त्या पेट्यांपुढं हात जोडून हुब्या हुत्या. माझं तोंडच उघडलं न्हाई. तुमी सांगायचं हुतं. तुमच्या तोंडानं."

गिताबाई एकदा सुनेकडं, एकदा मुलाकडं बघत होती. आपल्या हातून काहीतरी भयंकर झालंय, एवढं तिला समजलं. "बिरू, पोलीस येत्याल का रं?" तिनं विचारलं.

इंद्रजीत उठून उभा राहिला होता. त्याचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं. "ऐका. गाडी पनवेलच्या बाजूला एका यार्डात घेऊ. पेट्या उघडू, खिसे झटकू, पुन्हा बंद."

"सील हाय त्याला. तुटलं की इचारनार," बिरदेव म्हणाला.

"मग जाऊ दे तशीच. हजार पेट्यांत कोण हळद शोधतंय!" पण त्याचा त्यालाच तो धीर खोटा वाटला असावा, कारण त्यानं रुमालानं मान पुसली. "आणि विचारलंच कुणी, तर घरातल्या प्रत्येकाचं उत्तर एक पाहिजे. आमच्या युनिटमध्ये असलं काही करत नाहीत. कधीच केलं नाही. त्या बाईचा काहीतरी गैरसमज झाला."

"आन् तुमी काय सांगनार, इंद्रजीतराव?" मल्हारीनं विचारलं.

"मी?" तो अडखळला. "आबा, मी नुसता ओळख करून देणारा. कागदावर माझं नावच नाही. युनिट बिरदेवचं, माल बिरदेवनं पाठवलाय. उगाच माझं नाव घेऊन काय उपयोग?"

ज्योतिबाच्या हातातलं पान खाली पडलं. तो सावकाश मागे सरकला आणि पुन्हा भावाच्या शेजारी, भिंतीला टेकून बसला. बेलभंडारा उचलायला आता तो पुढे येणार नव्हता, हे सगळ्यांना दिसलं.

बिरदेवला एकाएकी फार एकटं वाटलं. कॉलेजात शिरूरला इंद्रजीतच्या मोटारसायकलवर मागे बसून तो हिंडला होता. हा माणूस आपल्याला बुडू देणार नाही, या भरवशावर त्यानं लेबलांचा खोका उघडला होता. आता तोच मागच्या दारानं निघून चालला होता. चौकशी, बेड्या, दौंडच्या पोलीस ठाण्यात आपल्याला नेताना बघणारी गावची माणसं, झाकलेली मशिनं, दारात उभ्या बायका. त्याच्या डोळ्यांपुढं हे सगळं एकदम आलं.

"मावशी," इंद्रजीत गिताबाईपुढं वाकून गोड आवाजात म्हणाला, "सगळ्यात आधी तुम्हालाच विचारतील. तुम्ही एवढंच म्हणायचं, मी कधी काही घातलं नाही. इथं देवापुढं म्हणून टाका, म्हणजे उद्या जीभ अडखळणार नाही. पोरगं वाचायला पाहिजे ना?"

फोन पुन्हा वाजला. ज्ञानू. "मालक, झाली का तळी? लई भूक लागलीय."

"थांब," बिरदेव म्हणाला आणि फोन तसाच हातात राहिला.

गिताबाई पाटासमोर सरकून बसली होती. तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला. या भंडाऱ्यानं तिनं सून घरात घेतली होती, नातवंडांच्या टाळूला लावला होता, तापात फणफणलेल्या बिरूच्या कपाळाला रात्रभर लावला होता. बाजारात भाजीवालीशी घासाघीस करतानासुद्धा तिनं कधी देवाची खोटी आण घेतली नव्हती. घेणाऱ्यांच्या सावलीलाही ती उभी राहायची नाही. आज तिनं एक बेलाचं पान उचललं, चिमूटभर भंडारा त्यावर घेतला आणि तळहात मिटला. हळद तिच्या बोटांमधून पाटावर सांडायला लागली.

"येळकोट," ती पुटपुटली. "म्या गिताबाई. बेलभंडारा उचलून सांगती, की म्या पेट्यांत…"

"आये!"

"बोलू दे मला. लवकर बोलती म्हंजी हुईल." तिचे डोळे घट्ट मिटलेले होते. "म्या पेट्यांत कवाच काय…"

बिरदेवनं तिची मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली. फोन खाली पडला, पण चालू होता, पलीकडून ज्ञानू "मालक? मालक?" म्हणत राहिला. मूठ उघडायला जोर लावावा लागला. म्हाताऱ्या बोटांत एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं. पान चुरगळलं होतं.

त्यानं फोन उचलला. "ज्ञानू, गाडी वळव."

"वळव म्हंजी? कुठं?"

"माघारी. शिरूरला."

इंद्रजीत धावत आला. "वेडा झालास का? तिकडे काय सांगू मी? पुन्हा एक ऑर्डर मिळणार नाही तुला. एक धागा मिळणार नाही. सगळ्यांना सांगून ठेवीन मी."

"सांग," बिरदेव म्हणाला. "ज्ञानू, ऐकतोयस ना? वाटंत कुनी इचारलं, माल कुनाचा, तर सांग शिरूरचा. बिरदेवचा. जेव आदी."

"तळी झाली मग?"

बिरदेवनं बापाकडं बघितलं. मल्हारी उठला होता आणि पाटाजवळ आला होता. "व्हतीया म्हनावं," तो म्हणाला. "जेव म्हनावं पोराला."

इंद्रजीतची गाडी धुरळा उडवत रस्त्याला लागली. तो गेल्यावर घरात सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं कुणालाच वाटलं नाही. सुषमाच्या मनात सोमवार उभा राहिला. पेट्या उघडायच्या, लेबलं उसवायची, आणि ती का उसवतोय हे त्याच बायकांना त्यांच्या डोळ्यांत बघून सांगायचं. त्यानंतर मशिनींवर काय ठेवायचं, ते तिलाही माहीत नव्हतं. ती आत जाऊन चुलीवरून वांगी काढायला लागली. एक पार करपलं होतं.

हौसरावाला बोलावलं, पाचवा म्हणून मल्हारीनं शेजारच्या भैरूला हाक मारली. ताम्हन उचललं. येळकोट म्हणताना बिरदेवची नजर आईवरच होती. ताम्हन तिसऱ्यांदा खाली आलं तेव्हा गिताबाई अजून तिथंच, पाटाशेजारी बसली होती. तिच्या तळहाताच्या रेघांत हळद गेली होती. तिनं त्याच हातानं बिरूच्या कपाळाला भंडारा लावला, पण नजर वर केली नाही.

"म्या घेतली आसती रं शपत," ती म्हणाली. "तुज्यासाटी घेतली आसती."

"म्हनूनच वळवली, आये," बिरदेव म्हणाला, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून, भावकीदेखत, मोठ्यानं रडला.